बारमाही पाणी, अधूनमधून माणूस

मराठीत ‘बारमाही’ हा शब्द माणसाला लावत नाहीत. तो विहिरीला लावतात, नदीला लावतात, आणि आमच्या डोंबिवलीत रस्त्याच्या खोदकामालाही लावतात. माणूस बारमाही असावा अशी अपेक्षाच नाही. त्याने नोकरीसाठी मुंबईला जावे, अधूनमधून घरी यावे, चार दिवस राहून पुन्हा बॅग भरावी. विहिरीने मात्र जागचे हलू नये आणि वैशाखात तळ दाखवू नये. कोकणात मुलगी द्यायच्या आधी जावयाचा पगार विचारत, पण पगाराच्याही आधी ‘विहीर बारमाही आहे ना?’ असे विचारत. जावई आटला तर निभावून नेता येते.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमच्या मेव्हण्यांनी पाठवलेला एक नकाशा. मेव्हणे, म्हणजे हिचे धाकटे बंधू, तीस वर्षे न्यू जर्सीला असतात. मुरबाडच्या पुढे आम्हा दोघांच्या भागीदारीत एक बिनशेतीचा तुकडा आहे. त्यावर दोन खोल्या आणि पडवी आहे, एक आंब्याचे झाड आहे आणि एक फळा आहे. त्या फळ्यावर कोणे एके काळी ‘विश्रांती’ असे लिहिले होते. आता ‘विश्रां’ उरले आहे. तिथे आम्ही महिन्यातून दोनदा जातो, मेव्हणे वर्षातून एकदा येतात. आणि या घराच्या मागे बाराही महिने पोहता येईल असा तलाव बांधावा, अशी त्यांची सूचना होती. नकाशासोबत पाणी गरम ठेवण्याच्या यंत्राची तीन माहितीपत्रके होती.

तीनही पत्रके हिने बाजूला ठेवली आणि विचारले, “पाणी तापवायचं यंत्र आहे, ते कळलं. पण पाण्याचं यंत्र कुठंय?”

खरे तर दोघा भावंडांत मतभेद नव्हता, शब्दाचा घोटाळा होता. न्यू जर्सीत सप्टेंबर सरला की तलावावर ताडपत्री घालतात ती मे महिन्यात काढतात. तिकडे ‘वर्षभर’ म्हणजे थंडीवर मात. आमच्याकडे थंडी कोण विचारतो? मुरबाडला जानेवारीत पहाटे पाण्यात उतरले तर दोन मिनिटे ‘हर हर गंगे’ म्हणावे लागते, तिसऱ्या मिनिटाला माणूस गप्पा मारू लागतो. आमची लढाई मे महिन्याशी आहे. आभाळातून चार महिन्यांत जे पडते ते उरलेले आठ महिने कुठे लपवून ठेवायचे, एवढा एकच प्रश्न ठाणे जिल्ह्याला गेली दोन हजार वर्षे पडलेला आहे. आणि गंमत अशी की अधूनमधून राहायला येणाऱ्या माणसांनीच तो वारंवार सोडवून पाहिला आहे. मेव्हण्यांना उत्तर द्यायचे म्हणून मी हा इतिहास चाळू लागलो. उत्तर सात पानी झाले.

पहिल्यांदा तापवण्याच्या यंत्राचा निकाल लावतो, कारण तो सोपा आहे. गरम पाण्याचा बारमाही तलाव या जिल्ह्यात फार पूर्वीपासून आहे आणि त्याला वीज लागत नाही. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या तानसा नदीकाठच्या गावांत जमिनीतून उन्हाळे फुटलेले आहेत. ‘उन्हाळे’ म्हणजे गरम पाण्याचे झरे. या शब्दाचा ऋतूशी संबंध जोडून कोणी एप्रिलमध्ये तिकडे जाऊ नये. चिमाजीअप्पांनी वसईच्या स्वारीत देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई हाती आल्यावर वज्रेश्वरीचे देऊळ बांधले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तातून हे कढत पाणी आले असे भाविक सांगतात. जमिनीच्या पोटात खोलवर गेलेले पाणी तिथल्या उष्णतेने तापून भेगांवाटे वर येते, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. अकलोलीच्या कुंडाच्या काठावर बसून पाय शेकणारे आजोबा दोन्ही कारणांना मान डोलावतात आणि पाय बाहेर काढत नाहीत. मात्र त्या पाण्यात पोहायचे नसते, बुडी मारून ‘आई गं’ म्हणायचे असते.

आता अधूनमधूनच्या घराबद्दल. दुसरे घर ही कल्पना आपण अमेरिकेतून आणली असे मेव्हण्यांचे मत आहे. ते त्यांनी सोडून द्यावे. ज्या साष्टी बेटाच्या एका कडेला ठाणे वसले आहे, त्याच बेटाच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. शंभरावर लेणी. येऊरकडून पाहिले तर मध्ये जंगल आहे आणि पलीकडे बोरिवली. बौद्ध भिक्षूंना एका जागी मुक्काम करायला बंदी होती. त्यांनी फिरत राहावे, फक्त पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी थांबावे, असा नियम. याला वर्षावास म्हणतात. म्हणजे नऊ महिने फिरतीची नोकरी आणि तीन महिने डोंगरातले घर! पुढे कान्हेरीला कायमचा मोठा विहार झाला, विद्यार्थी आले, कारभार वाढला. पण सुरुवात आमच्या ‘विश्रां’सारखीच, अधूनमधूनच्या घराने झाली.

आता पाहा. ज्यांना फक्त पावसाळ्यातच राहायचे त्यांना पाणी साठवण्याची काय गरज? कान्हेरीला पाऊस असा पडतो की छत्री ही केवळ सोबतीला न्यायची वस्तू होते. तरीही तिथे बहुतेक लेण्यांच्या अंगणात, दाराच्या एका बाजूला, कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे. त्याला जुन्या प्राकृतात ‘पोढी’ म्हणत. वर डोंगराच्या उतारावर बोटभर, वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचे पाणी त्या पन्हळींतून वळत वळत खाली येते आणि टाक्यात पडते. पंप नाही, पाइप नाही, वीजबिल नाही. दोन हजार वर्षांत एक वॉशरसुद्धा बदलावा लागलेला नाही.

या पोढीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिचे तोंड. तोंड लहान आणि पोट मोठे. वाकून घागर बुडवता येईल एवढीच फट. आत मात्र अंगणाखाली, भिंतीखाली खोली पसरलेली. पहिल्यांदा वाटते, एवढे खोदले तर जरा ऐसपैस उघडे का नाही ठेवले? चांदणे पडले असते, कमळे फुलली असती. पण ज्याने ते खोदले त्याला ऊन म्हणजे काय ते ठाऊक होते. पाण्याचा सर्वांत मोठा चोर सूर्य. त्याला पाणी दिसू द्यायचे नाही, हा या शास्त्राचा पहिला नियम. आमच्या आजीला लोणच्याच्या बाबतीत हाच नियम आमच्याविरुद्ध लावावा लागे.

आणि हे टाके कोणी करून दिले? इथे कल्याणकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. कान्हेरीच्या एका लेखात दान देणाऱ्याचे नाव कोरले आहे: कल्याणचा सोनार सामिदत्त याचे दान, पिण्याच्या पाण्याची पोढी. काळ सातवाहनांचा. तेव्हा कल्याण हे नावाजलेले बंदर होते; ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्द्यानेही ‘कॅलिएना’ म्हणून त्याची नोंद ठेवली आहे. सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्यानेही कान्हेरीला अशीच पोढी दिली. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचेही दान तिथे आहे. म्हणजे सामिदत्त एकटा नव्हता, पेठेतली माणसे मिळून हे करत होती.

मी त्या सोनाराचा फार विचार केला. सोनाराचा धंदा गुंजेचा आणि मासाचा, वाऱ्याने कण उडेल म्हणून श्वास धरून बसायचा. त्या माणसाने खाडी ओलांडून, डोंगर चढून, जिथे आपण कधी राहणार नाही तिथे दगड फोडून पाण्याचे टाके करून दिले. पाणी कोण पिणार? अनोळखी माणसे. त्यातून त्याला काय मिळाले? दगडावर एक ओळ. कल्याण स्टेशनवर रोज लाखो माणसे उतरतात, त्यांच्यात एखादा तरी सामिदत्ताचा वंशज असेल; तोही बहुधा बाटलीबंद पाणी विकत घेत असेल.

मुरबाडला आमच्या घरामागे उभे राहिले की दूर सह्याद्रीची भिंत दिसते. तिच्यात एक खाच आहे, तो नाणेघाट. जुन्नरहून कल्याण बंदराला जाणारा माल इथून उतरे. घाटाच्या माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे आणि वाटेवर पाण्याची टाकी आहेत. जकात घेणाऱ्या सरकारने वाटेत पाण्याची सोय केली होती. टोलनाक्यावर थांबलेल्या आजच्या प्रवाशाने यावर विचार करावा, वेळ भरपूर असतो.

ठाण्याने हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवला. लहान तोंड आणि मोठे पोट हा प्रकार सपाटीवर जमत नाही, म्हणून तिथे तोंडही मोठे आणि पोटही मोठे. तळी! शिलाहारांच्या काळापासून हे ‘श्रीस्थानक’ तळ्यांचे गाव आहे. साठाच्या वर तळी होती असे जुने लोक सांगतात; आज पस्तिसाच्या आसपास मोजतात. मासुंदा हे त्यांतले नामांकित. त्याच्या काठचे कोपिनेश्वराचे देऊळ पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली नव्याने बांधले. हेच रामाजीपंत कल्याणलाही राहात. तिथला सुभेदारवाडा त्यांचाच. पाहा, एक घर कल्याणला आणि कामकाज साऱ्या कोकणभर! अधूनमधून घरी राहणाऱ्यांच्या यादीत त्यांचेही नाव घालायला हवे. मासुंद्याच्या काठी पुढे १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले. त्यानंतर कित्येक वर्षे नाटकाच्या मध्यंतरात ठाणेकरांनी त्या पाण्याकडे पाहून नाटकाला नावे ठेवली.

उघड्या तळ्याचे पाणी ऊन पिते, म्हणून ते इतके मोठे करायचे की ऊन पिऊन थकले पाहिजे. शिवाय तळे जमिनीत मुरते आणि भोवतीच्या विहिरींना पाजते. ठाण्यातल्या वाड्यांच्या विहिरी वैशाखात टिकत त्या तळ्यांच्या जिवावर. यातली निम्मी तळी आपण बुजवली आणि वर इमारती बांधल्या. त्या इमारतींतल्या काहींच्या गच्चीवर आता निळ्या फरशांचे पोहण्याचे तलाव आहेत. तळे तळमजल्यावरून विसाव्या मजल्यावर गेले, एवढाच काय तो फरक. विहिरींना मात्र ते कळवायचे राहिले.

मेव्हण्यांना इंग्रजांचे उदाहरण दिले की लवकर पटते, म्हणून मी पत्रात मॅलेटसाहेबाला दोन परिच्छेद दिले. ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर. मे १८५० मध्ये तो चौक गावात मुक्कामाला होता. मे महिन्यात चौकला मुक्काम करणाऱ्या कोणाही माणसाला वरच्या डोंगराची ओढ वाटणारच. तसा तो चढला आणि माथेरान ‘सापडले’. तिथे धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून राहात होते, पण त्यांनी कलेक्टरला अर्ज करून कळवलेले नव्हते. साहेबाने वर घर बांधले, वाटा आखल्या आणि पाणी शोधले. तिथल्या एका झऱ्याला आजही मॅलेटचे नाव आहे. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टन आला, शार्लट तलाव झाला, आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून ती छोटी गाडी वर नेली. मुंबईकरांची दुसरी घरे उभी राहिली ती या क्रमाने: आधी झरा, मग घर, मग तलाव, सर्वांत शेवटी गाडी. आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी गाडी घेतली, मग ती नेण्यासाठी घर घेतले. आता तलाव म्हणत होतो आणि झऱ्याचे नाव कोणीच काढत नव्हते.

झऱ्याऐवजी नदी चालेल का, असे मेव्हण्यांनी विचारले. उल्हास नदी तर बारमाही आहे! आहे खरी. पण तिचे बारमाहीपण हे मिळवलेले आहे, जन्मजात नव्हे, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे.

घाटाच्या पलीकडे, मावळात, आंद्रा नदी इंद्रायणीला मिळते. तिचे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा देशभर प्रवास करून बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवले, डोंगरातून अलीकडे वळवले आणि नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडले. खाली भिवपुरीला वीजघर. ते १९२२ साली सुरू झाले. पाणी जनित्रे फिरवते आणि मोकळे होते. ते मोकळे झालेले पाणी कर्जतच्या बाजूला उतरून उल्हासेच्या खोऱ्यात येते, बाराही महिने येते, कारण मुंबईला वीज बाराही महिने लागते. पंढरपूरला जायला निघालेले पाणी वाटेत कडा उतरून बदलापूर-कल्याणला आले, असे हे प्रकरण. आमच्या डोंबिवलीच्या नळाला जे येते त्यात पुण्याच्या बाजूचा वाटा मोठा आहे. पुणेकरांकडून ठाणेकरांना न बोलता मिळालेली ही बहुधा एकमेव गोष्ट असावी.

नदीकाठी घर घेण्याबद्दल मात्र बदलापूर-वांगणीच्या लोकांना विचारावे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी स्वतःच रेल्वेरुळांवर आली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस मधेच अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढले. काठावरच्या कित्येक बंगलेवाल्यांना तेव्हा तलाव बांधावा लागला नाही; तो दिवाणखान्यातच आला.

इथवर मजा होती. पुढचा भाग लिहिताना माझा हात जरा जड झाला, कारण तो इतिहास अजून संपलेला नाही.

मुंबईला पाणी हवे म्हणून १८९२ मध्ये तानसा धरण झाले. मग वैतरणा, मोडकसागर, भातसा. तानसा आणि भातसा ही दोन्ही आपल्या शहापूर तालुक्यात. तिथून निघालेले पुरुषभर उंचीचे नळ शेताबांधावरून, गावांच्या उशाशी, मुंबईकडे जातात. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या गावापाड्यांना मार्चनंतर टँकर लागतो. हे दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येते. आपण वाचतो, च् च् करतो आणि शॉवरखाली जातो. आमच्या मुरबाडकडची तऱ्हा फार निराळी नाही. आमच्या तुकड्याखाली दोन शेते सोडून एक सार्वजनिक विहीर आहे. पाड्यावरची चाळीसेक माणसे तिच्यावर. ती फेब्रुवारीपर्यंत हसते, एप्रिलात तिचा तळ दिसू लागतो, मे महिन्यात बाया आत उतरून वाटीवाटीने घागर भरतात.

मेव्हण्यांचा तलाव कागदावर दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. म्हणजे पंचाहत्तर हजार लिटर. दहा हजारांचा टँकर धरला तर साडेसात टँकर. अर्धा टँकर कोणी देत नाही, म्हणून आठ. आता ऊन. आपल्याकडे उघडे पाणी दिवसाला पाच मिलिमीटर उडते असे धरले तरी पन्नास चौरस मीटरवरून रोज अडीचशे लिटर गेले. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत एक मीटरहून जास्त पाणी आकाशात. दीड मीटरचा तलाव, त्यात ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पोहावेसे वाटते तेव्हा, गुडघ्याएवढे पाणी उरणार. त्यात सूर मारणाऱ्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात. वरून भरत राहायचे तर कूपनलिका खोदायची. आणि ती ज्या पाण्यात उतरणार त्याच पाण्यात खालची सार्वजनिक विहीर उतरलेली आहे.

दुसरे गणित मी केले नाही, हिने केले. खेड्यात माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी द्यायचे असा सरकारी हिशेब आहे. चाळीस माणसांना दिवसाला बावीसशे लिटर. पंचाहत्तर हजाराला बावीसशेने भागले. “चौतीस दिवस,” ही म्हणाली, “सबंध मे महिना आणि वर जूनचे तीन. पाऊस येईस्तोवर.” आणि पेन्सिल खाली ठेवली. तिने भावाबद्दल एक अक्षर वाईट काढले नाही. तशी वेळ आली की ती पेन्सिल खाली ठेवते.

आणि राहणारे आम्ही कोण? वर्षाचे बावन्न शनिवार-रविवार. त्यांतून लग्नेमुंजी, मेगाब्लॉक, माझा गुडघा आणि मुरबाड रस्त्याची अवस्था वजा केली की वीस-बावीस मुक्काम उरतात. पाण्याला मात्र सुटी नाही. गाळणयंत्र रोज चालवायचे, औषध रोज टाकायचे, आंब्याचा पाला रोज काढायचा. पावसाळ्यात चार दिवस दुर्लक्ष झाले की शेवाळ, शेवाळामागून बेडूक, बेडकामागून दिवड. घर अर्धवेळ आणि तलाव पूर्णवेळ, असा संसार कोणाला परवडेल?

दिवाळीनंतर मेव्हणे आले तेव्हा मी त्यांना हे आकडे वाचून दाखवत होतो. ते ऐकत होते, पण नकाशाची घडी मोडत नव्हते. मिस्त्रीने तलावाच्या चार कोपऱ्यांना खुंट्या मारून सुतळी बांधलीच होती. तेवढ्यात पाड्यावरच्या आजी सरपणाचा भारा घेऊन बांधावरून चालल्या होत्या. त्या थांबल्या. हे काय चाललंय म्हणून विचारले. मेव्हण्यांनी उत्साहाने सुतळीच्या आत उभे राहून, हात फिरवून, इथून इथवर पाणी, असे समजावले. आजींनी सगळे नीट ऐकून घेतले.

“सायेब,” त्या म्हणाल्या, “यवढ्या पान्यात तुमी उड्या मारनार. मंग त्यातलं पिनार कोन?”

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरोखरच व्यवस्था समजून घ्यायची होती. उत्तर मिळेना तेव्हा त्यांनी भारा सावरला आणि निघाल्या. मेव्हणे बराच वेळ सुतळीच्या आत उभे होते. मग त्यांनी मला विचारले, “भावोजी, तो सोनार कुठला म्हणालात?”

कान्हेरीची गोम अशी आहे की जे पाणी बारा महिने टिकते त्यात पोहता येत नाही, आणि ज्यात पोहता येते ते बारा महिने टिकत नाही. ठाण्याची तळी याला अपवाद; पण त्यासाठी सरसुभेदाराचे आणि राजांचे बळ लागते. आमच्यापाशी बळ म्हणाल तर दोन पेन्शनी. मात्र पाऊस आमच्यावरही तेवढाच पडतो. मुरबाडकडे वर्षाला साधारण अडीच मीटर धरा. आमचे पत्र्याचे छप्पर शंभर चौरस मीटरचे. म्हणजे दरसाल अडीच लाख लिटर पाणी आमच्या डोक्यावरून पागोळ्यांनी वाहून जाते. सांडलवंड वजा जाता दोन लाख तरी हाती लागावे. पंचाहत्तर हजारांचे टाके भरून वर ओसंडेल, आणि ओसंडलेले चर खणून जमिनीत मुरवले तर खालच्या विहिरीलाही थोडे पोचेल. मेव्हण्यांच्या देशातून एक यंत्र आणायची गरज नाही. फक्त पन्हळी.

तर सुधारलेला नकाशा असा: पंचाहत्तर हजार लिटर कायम. मापेही जवळपास तीच, म्हणजे खुंट्या फारशा हलवाव्या लागल्या नाहीत. पण निळ्या फरशा रद्द, दिवे रद्द, आरामखुर्च्या रद्द. वर पक्का स्लॅब, त्यावर पडवी वाढवायची. छपराचे पाणी गाळून आत सोडायचे. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर टाकायला वेगळी तोटी, कारण पहिल्या पावसात छपरावरची कावळ्यांची वर्षभराची कमाई उतरते. एक नळ स्वयंपाकघरात, दुसरा कुंपणाच्या बाहेर, बांधाच्या बाजूला. या दुसऱ्या नळाला कुलूप नसावे, ही हिची अट. तोटी पितळी असू नये, ही माझी. पितळी तोट्या रात्रीत चालू लागतात.

पोहण्याचे काय, हा प्रश्न उरतोच. पोहण्याला माझा विरोध मुळीच नाही. मी स्वतः कमरेला दोर आणि पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो आणि गटांगळ्यांचा हिशेब अजून नाकात आहे. डोंबिवलीला घर्डा सर्कलजवळच्या क्रीडासंकुलात महापालिकेचा तलाव आहे. तिथे पोहावे, दहा माणसांनी एकाच पाण्यात पोहावे. मुरबाडला आषाढ-श्रावणात ओढा गळ्याएवढा होतो, त्यात पाड्यावरची पोरे मुटके मारतात. मेव्हण्यांनी यंदा पावसाळ्यात यायचे कबूल केले आहे. वर्षावासाला, असे ते स्वतःच म्हणाले. न्यू जर्सीला तीस वर्षांत त्यांना हा शब्द कोणी सांगितला नव्हता म्हणे.

खोदाई माघात सुरू झाली. साडेतीन फुटांवर मुरूम, पाच फुटांवर काळा कातळ लागला. मिस्त्री म्हणाला, सुरुंग लावावा लागेल. मी म्हटले, छिन्नीने पाहा. त्याने माझ्याकडे असे पाहिले की सातवाहन काळातल्या पाथरवटांबद्दल माझा आदर एकदम वाढला. त्यांचे किती महिने गेले असतील, किती छिन्न्या झिजल्या असतील! शेवटी भाड्याने यंत्र आणले. त्याच्या भाड्याचा अर्धा हिस्सा मेव्हण्यांनी तिथल्या तिथे फोनवरून भरला.

स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने विचारले, “टाकीवर नाव काय घालायचं? लोक घालतात. संगमरवराची पाटी मिळते.”

मी सामिदत्ताकडे बोट दाखवणार होतो, पण ही आधी बोलली. “आधी एक पावसाळा जाऊ दे. वैशाखात पाणी राहिलं तर मग नावाचं बघू.”

मिस्त्री बरे म्हणाला आणि पट्टी काढून बसला. तोंडाचे माप अजून ठरायचे होते. घागर बुडेल एवढे ठेवावे असे माझे म्हणणे. गाळ काढायला माणूस आत उतरला पाहिजे, म्हणून दोन फूट बाय दोन फूट तरी हवे, असे त्याचे. तेच योग्य होते. मी होकार दिला आणि फोनवर मेव्हण्यांच्या कानावर घातले.

तिकडे क्षणभर शांतता होती. मग आवाज आला, “भावोजी, म्हणजे आत उतरता येईल?”